कागद कुणाच्या नावावर?

उन्हाळा उतरायला लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एप्रिलपर्यंत प्रश्न असतात ते पापडखार किती घालावा, कुरोड्यांचा चीक आंबट का झाला, मूगवड्यांना बुरशी का आली. जूनच्या तोंडावर मात्र लिहितात, "ताई, यंदा घरापुरतं करता करता शेजारच्यांचंही केलं. सगळ्यांना आवडलं. गोकुळपेठेतला दुकानदार माल ठेवायला तयार आहे, पण तो म्हणतो पाकिटावर नंबर पाहिजे. हा नंबर कुठं मिळतो हो?"

यंदा नंदनवन, मानेवाडा आणि महाल या तीन ठिकाणांहून अशी पत्रं आली आहेत. तेव्हा आज पोळ्या, भाज्या बाजूला ठेवू आणि कागदांचं बोलू. कागद म्हटला की आपल्या बायका एकदम पदर सावरून मागं सरकतात. घरात कुणीतरी पुरुषमाणूस असतोच ते बघायला. आजच्या लेखात माझा सगळा रोख या सवयीवरच आहे. नंबर मिळवणं फार कठीण नाही, आणि आपल्यासारख्या लहान धंद्याला महागही नाही. तो कुणाच्या नावावर मिळवायचा, हा खरा विचार करण्याचा भाग.

आधी नंबर म्हणजे काय ते पाहू. आपल्या आयांच्या काळी खाण्याच्या वस्तूंना १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. संत्र्याचं सरबत, स्क्वॅश, मुरंबा बाटलीत भरून विकायचा तर १९५५ च्या फळ उत्पादन आदेशाखाली वेगळा परवाना लागायचा. जुन्या स्क्वॅशच्या बाटल्यांवर 'एफपीओ'चा शिक्का पाहिल्याचं कित्येकींना आठवत असेल. हे सगळे वेगवेगळे नियम एकत्र करून २००६ साली अन्न सुरक्षा आणि मानके कायदा झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो देशभर लागू झाला. पाकिटावर जो चौदा आकडी क्रमांक असतो, तो या कायद्याखालचा. आपल्या राज्यात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं.

"पण मी तर घरच्याच ओट्यावर करते," असं महालच्या बाईंनी लिहिलं आहे. बाई, ओटा घरचा असला तरी माल विकायचा म्हटलं की कायदा लागू होतो. फक्त लहान धंद्याला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये, असं ठरलं होतं. मर्यादेचे आणि मुदतीचे आकडे सरकार मधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज कराल त्या दिवशी जे असतील ते पाहून घ्या. पापड-मसाल्याने सुरुवात करणारी आपल्यातली बाई नोंदणीच्याच पायरीवर बसते, एवढं धरून चालायला हरकत नाही.

अर्ज २०२० पासून 'फॉस्कॉस' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर करायचा असतो. फोटो, ओळखीचा पुरावा, जागेचा पुरावा, एवढंच मुख्य. २०११ च्या नियमांबरोबर जो नमुना अर्ज छापला होता, तो मी मुद्दाम शेवटपर्यंत वाचला. शाळेत मुलींचे फॉर्म भरून घेता घेता ही खोड लागली आहे. काय करता, कुठं करता, पाणी नळाचं की खाजगी, यंत्राला वीज वापरता का, हे प्रश्न अपेक्षितच होते. पण नवा धंदा असेल तर भांडवल कुठून आणलं, स्वतःचं की दुसरीकडून, असाही एक प्रश्न होता. भिशीचे पैसे घालून डाळ भरणाऱ्या बाईने तिथं 'स्वतःचं' लिहावं. बिनधास्त लिहावं.

अर्ज आला की सात दिवसांच्या आत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची, नाही तर तपासणी करणार असल्याचं कळवायचं, आणि तपासणी असेल तर तीस दिवसांत निकाल लावायचा, अशी त्या नियमांत अधिकाऱ्यांना मुदत घालून दिलेली होती. तपासायला माणूस येणार म्हटल्यावर काहींच्या पोटात गोळा येतो. अहो, ते पाहतात काय? पाणी पिण्याजोगं आहे का, तयार माल झाकलेला आहे का, केस बांधलेले आहेत का, खरूज, खोकला, ताप असलेलं माणूस मालाला हात लावत नाही ना, केराची बादली झाकणाची आहे का. पापडाच्या पिठाला ओला हात लागू न देणारी बाई या परीक्षेत नापास व्हायची नाही. गच्चीवर वाळवणाला मात्र जाळी हवीच. कबुतरांचा मोसम कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक असतो.

आता मुख्य गोष्ट. अर्जात धंदा करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. आणि आपल्याकडे नव्वद घरांतून तिथं नाव पडतं ते 'यांचं'.

माझ्या ओळखीतल्या एक काकू आहेत. इतवारीच्या बाजूला राहतात. त्यांच्या हाताचं तिखट आणि मुगाचे पापड अकरा वर्षं चार-पाच दुकानांतून विकले जात होते. काकूंना डाळीचा भाव तोंडपाठ, भिवापुरी मिरची हाताने मोडून जुनी की नवी ते सांगणार. पण कागद सगळे काकांनी केले होते. "तुले कायले ऑफिसात धक्के खायचे? मी करून टाकतो," असं म्हणून त्यांनी प्रेमानेच केले. अन्न नोंदणी काकांच्या नावाने, गुमास्ता त्यांच्या नावाने, बँकेतलं चालू खाते त्यांचं. काका अचानक गेले. तेराव्यानंतर काकू दुकानदारांकडे थकलेली बिलं मागायला गेल्या, तर त्यांनी चेक लिहिले ते काकांच्याच धंद्याच्या नावाने. आणि ते खाते तर बंद पडलेलं. नॉमिनीचं नाव कधी लिहिलेलंच नव्हतं. बँकेने वारसाचे कागद मागितले. काकू मला म्हणाल्या, "पापड माह्या हातचे, पैसा माह्या घामाचा, अन् मी काय त्याची वारस हाव का जी?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने त्या खरोखरच फक्त वारस होत्या. ज्याच्या नावाने एकल मालकीचा धंदा, तो त्याचा. नोंदणीधारक गेला तर ती नोंदणी वारसाच्या सोयीसाठी पुढे नव्वद दिवस चालते, अशी तरतूद २०११ च्या नियमांत होती. त्या मुदतीत काकूंनी आपल्या नावाने अर्ज केला. चौदा आकडी क्रमांक नवा आला, जुनी छापलेली पाकिटं रद्दीत गेली. धंदा आज चालू आहे, पण अकरा वर्षं काम केल्याचा एकही कागद काकूंपाशी नाही. बँकेत कर्जाचं विचारायला गेल्या तर तिथल्या हिशेबी त्यांचा धंदा काल सुरू झालेला!

अशा वेळी लिज्जत पापडवाल्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. कागद म्हणावा असा काहीच नव्हता. १९६६ साली, म्हणजे सात वर्षांनी, सोसायटी म्हणून रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. लक्षात घेण्यासारखं हे, की कागद झाले तेव्हा संस्था लाटणाऱ्या बायकांचीच राहिली. पुरुष तिथं नोकरीला असू शकतो, सभासद होऊ शकत नाही. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. आता तुम्ही म्हणाल, त्यांनी सात वर्षं कागदावाचून काढली, मग आम्हीच का घाई करावी? तो काळ वेगळा होता. १९५९ साली ओळखीच्या व्यापाऱ्याला माल दिला की काम भागत होतं. आज नाक्यावरचा दुकानदारसुद्धा आधी पाकिट उलटून पाहतो.

आपलं नाव घालायचं ठरवलं की पहिली अडचण येते ती नावाचीच. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. पॅन कार्डावर तर लग्नानंतरही वडिलांचं नाव असतं, नवऱ्याचं नसतं. ते चुकलेलं नाही, तसंच असतं. पण अर्ज करण्याआधी आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर तुमचं स्वतःचं नाव आणि आडनाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर हे काम सोपं जातं. नसेल तर आधी तो काढा. जुन्या लग्नाचीही नोंदणी होते, त्यात लाजायचं काही नाही.

दुसरी अडचण जागेची. घर सासऱ्यांच्या किंवा यांच्या नावावर असतं. त्यासाठी घरमालक म्हणून त्यांचं संमतिपत्र आणि घरटॅक्सची पावती किंवा लाइटबिल जोडायचं. हे पत्र मागताना घरात जो काय संवाद होईल तो होऊ द्या. मागितल्यावर बहुतेक घरांतून मिळतं, असा माझा अनुभव आहे. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाची संमती लागते. आपल्या नागपुरात आणखी एक भानगड म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचे भाडेपट्ट्याचे प्लॉट. पट्ट्याच्या कागदात प्लॉट कशासाठी दिला ते लिहिलेलं असतं. दोन खोल्यांत पापड लाटणं वेगळं आणि अंगणात चक्की बसवून चार कामगार ठेवणं वेगळं. चक्कीचा विचार असेल तर पट्टा वाचा आणि प्रन्यास व महापालिकेचं झोन कार्यालय या दोन्हीकडे आधी विचारा.

तिसरी गोष्ट अडचण अशी वाटत नाही, म्हणूनच ती फसवते. अर्जात मोबाइल नंबर तुमचा स्वतःचा घाला. यांचा नको, मुलाचा नको, आणि फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा तर मुळीच नको. पुढची प्रत्येक सूचना, प्रत्येक ओटीपी त्याच नंबरावर येणार. पासवर्डही स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. ज्याच्या हाती पासवर्ड, त्याच्याकडे दर वेळी हात पसरत जावं लागतं. फॉर्म भरायला आपले सरकार सेवा केंद्राची किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाचीची मदत जरूर घ्या, पण शेजारी बसून घ्या. शंभर रुपयांच्या नोंदणीला दोन-तीन हजार घेणारे एजंट पुष्कळ आहेत. त्यांना तरी बोल कशाला लावायचा? आपण फॉर्म वाचत नाही, त्यावरच त्यांचं घर चालतं.

अन्न नोंदणी झाली की दुसरा कागद 'शॉप अ‍ॅक्ट'चा, ज्याला अजून सगळे गुमास्ताच म्हणतात. १९४८ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, तेव्हापासून हाताखाली दोन-चार बायका असणाऱ्या लहान धंद्याला नोंदणी करावी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती जपून ठेवायची. तिसरा 'उद्यम'. हा १ जुलै २०२० पासून आहे, आधार आणि पॅनवर होतो, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नव्हे, एवढं ओळखा. हे कागद हाताशी असले की बँकेत धंद्याच्या नावाने चालू खाते उघडता येतं, कारण मालकीच्या धंद्याला बँक असे दोन पुरावे मागते. खाते उघडाल तेव्हा नॉमिनीचा रकाना भरल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

जीएसटीची धास्ती बहुतेकींनी विनाकारण घेतलेली असते. एप्रिल २०१९ पासून आपल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, आणि पापडाला तर करच नाही. मसाल्याला आहे. इथं नागपूरकरणींनी एक ध्यानात ठेवायचं. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट आपल्याला घरच्यासारखे, अर्ध्या जणींची माहेरं तिकडची. पण ते मध्य प्रदेशात आहेत. कर असलेला माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. बहिणीला प्रेमाने डबा पाठवा, तिच्या दुकानाला मसाल्याचं बिल पाठवायचं असेल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

आता घरातल्याच दोन गोष्टी, ज्या कुणी आपणहून सांगत नाही. पहिली गॅसची. घरगुती १४.२ किलोची टाकी घरच्या स्वयंपाकापुरतीच आहे. कुरोड्यांचा चीक शिजवून विकायचा तर धंद्याची १९ किलोची टाकी घ्यावी लागते. महाग पडते हे खरं. भाव ठरवताना तो खर्च धरा, म्हणजे जीव खालीवर होणार नाही.

दुसरी विजेची. घरगुती मीटरवर धंदा केला की दंड होतो, असं सांगून मानेवाड्याच्या बाईंना कुणीतरी घाबरवून टाकलं आहे. वापर वेगळा आणि मीटर वेगळा असं आढळलं तर दुप्पट दराने आकारणी करण्याची तरतूद २००३ च्या वीज कायद्यात आहे, हे बरोबर. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१६ च्या दर आदेशात असंही म्हटलं होतं, की राहत्या घराच्या एका भागात धंदा करणाऱ्याचा महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर त्याला घरगुतीच दर लागेल. तेव्हा मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बेरीज करा आणि ती घेऊन महावितरणच्या उपविभागात जा. आजचा आदेश काय म्हणतो ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. नागपूरचा मे महिना आणि घरातला कूलर हे दोघे मिळून ३०० चा आकडा कधी ओलांडतील याचा नेम नसतो.

पाकिटावर काय छापायचं, हे शेवटी. पदार्थाचं नाव, घटक जास्तीपासून कमीकडे, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, केल्याची तारीख आणि किती दिवसांत वापरायचं ते, बॅच क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, चौदा आकडी क्रमांक, तक्रारीसाठी फोन, आणि तुमचं नाव व पूर्ण पत्ता. पाकीटबंद माल विकणाऱ्याने नव्वद दिवसांत वैधमापन खात्याकडेही नाव-पत्ता नोंदवायचा असतो. त्याची २०११ च्या नियमांत फी पाचशे रुपये होती. मालाचं वजन करायचा इलेक्ट्रॉनिक काटा वर्षातून एकदा त्याच खात्याकडून तपासून घ्यावा लागतो.

पत्त्यावरून मात्र घरोघरी कुरबूर होते. "बाईचं नाव अन् घरचा पत्ता गावभर फिरणार?" असं नंदनवनच्या बाईंच्या सासूबाई म्हणतात. त्यांची काळजी मी हसण्यावारी नेणार नाही. पत्ता टाळता येत नाही, कारण तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. फोनसाठी मात्र वेगळं सिम घ्या, ते रात्री आठनंतर बंद ठेवा. आणि सासूबाईंना पहिल्या छापलेल्या पाकिटाचा नमुना दाखवायला न्याल तेव्हा 'निर्माती' या शब्दाखाली जागा मोकळी ठेवून न्या. पापडाचा मूळ हात त्यांचाच असेल, तर दोघींची नावं घालून भागीदारी करता येते. तिचे कागद वेगळे असतात, १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे. ते पुढच्या अंकात.